कलाकार माणूस मन मोकळं करतो तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
काल भाचा आला होता, चित्रकलेचा डिप्लोमा करतोय. म्हणाला मामा, पर्सनल ब्रँडिंगचं ऑनलाइन शिबिर लावलंय आणि होमवर्क दिलाय की आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट नव्वद सेकंदात कॅमेऱ्यासमोर सांगा, लोक जोडले जातात. पोरगं एकवीस वर्षांचं, मलाच विचारतंय की माझं दुखरं काय सांगू. रात्रभर झोप नाही आली, कारण मी हेच एकदा दुसऱ्या माणसाच्या बाबतीत केलंय.

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्र सांगलीतल्या कलाकारांशी गप्पा रेकॉर्ड करून टाकायचो. ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. १८४३ साली इथंच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं म्हणून आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो, आणि मला त्या दिवशी पडद्यामागचा माणूस पाहिजे होता. एक रंगभूषाकार काका भेटले. स्पर्धेच्या नाटकांना चाळीस वर्षं मिशा लावलेला माणूस. भावे नाट्यमंदिराच्या मागं बसून दोन तास बोलले. क्रेपची म्हणजे मिशीच्या नकली केसांची वेणी कशी उकलायची, ओल्या फडक्यात धरून केस कसे सरळ करायचे, डिंक लावल्यावर लगेच केस ठेवायचे नाहीत, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं. माझ्याच ओठावर अर्धी मिशी लावून दाखवली. बोलताना त्यांचं बोट माझ्या ओठावर, एवढं हलकं की कळत नव्हतं.

मग मी विचारलं काका, तुम्ही कधी स्टेजवर? गप्प झाले. म्हणाले एकदाच, तिसऱ्या वाक्याला अडकलो, आणि दुसऱ्या रांगेतनं वडील उठून गेले ते मला दिसलं. डोळे भरून आले त्यांचे. मी त्या दोन तासांतली तेवढी चाळीस सेकंदं उचलली, खाली रडकं म्युझिक, आणि टाकली. लई चालली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन. चिडलेल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, बाबा दोन तास मिशीबद्दल बोलले, त्याचं काय केलंत? काढून टाकली लगेच. पण नंतर एकदा आमच्याच नाटकाला काका रंगवायला होते, तर माझा चेहरा करताना एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा. कलाकारांशी बोललेले पण लिहा आणि स्वतः कलाकार असाल तर तुमचं पण.

भडंग_पार्सल
डिंकाचा वास आला वाचताना. दाढी काढताना कातडं सोलून निघायचं आमचं. आणि काका लोक म्हणायचे हलू नको रे, औरंगजेब हलत नसतो.

मिरजेची_सून
माझे सासरे तंबोऱ्याची जवारी काढायचे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज गुंजता करायचे. आम्ही मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, मग सतार-तंबोऱ्यात आलो. घोडीवर कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा म्हणजे जीव केसभर सरकवायचा, परत छेडायची. एका तारेला कधी कधी अख्खी सकाळ जायची. तेव्हा घरात मिक्सर पण लावायचा नाही. २०२४ ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून कॅमेरेवाले फार येतात, चांगलंच आहे, माझा नवराच व्हिडिओ टाकतो, लांबनं ऑर्डरी येतात त्यामुळं.

पण एक सांगते. एकदा एक गाणाऱ्या बाई तंबोरा घ्यायला आल्या होत्या, चार तास बसल्या. अब्बा त्यांना म्हणाले, बेटी, वरचा स्वर मला आता पूर्वीसारखा ऐकू येत नाही, मी बोटानं काढतो जवारी. हे त्यांनी आम्हाला घरच्यांना पण सांगितलं नव्हतं. मी चहा घेऊन आले होते, तिथंच थांबले. त्या बाईंनी काय केलं तर डोळे मिटले, तंबोरा छेडला आणि म्हणाल्या बोटाला बरोबर कळतंय. नंतर कुठं कुणाला बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर ऑर्डर आली नसती एक पण. आता अब्बा नाहीत म्हणून मी लिहितेय. तरी लिहिताना दोनदा खोडलं.

रांगोळीताई_सातारा
@मिरजेची_सून अंगावर काटा आला. त्या बाईंना नमस्कार.

मी थोडं वेगळं लिहिते. मला ब्रँडिंगला नावं ठेवलेली आवडत नाहीत. मी सहा वर्षं लग्नांमध्ये रांगोळी आणि मेंदी करायचे, डेकोरेशनवाला फोटो काढायचा आणि स्वतःच्या पानावर टाकायचा, माझं नाव कुठंच नाही. एकदा राजवाड्याजवळ एका बाईंनी मला फोनवर त्याच्या पानावरचा माझाच मोर दाखवला आणि म्हणाल्या अशी काढता येते का तुम्हाला? घरी येऊन रडले नाही, पान उघडलं. स्वतःच्या नावाचं. आता प्रत्येक रांगोळीच्या कोपऱ्यात नाव घालते. ज्याचं नाव कधी कुणी घेतलंच नाही त्यानं स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही तर काय करायचं? पण हो, माझ्या घरातलं दुखणं मी तिथं टाकत नाही. मोर टाकते. कुकर झाला, येते नंतर.

वाळव्याचा_गडी
रांगोळीताई शंभर टक्के. आणि नाव घालणं काय आजचं आहे होय? आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जन्म १८६६, घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. लावणीच्या शेवटी नाव गुंफायचं म्हणजे गाणं कुठल्या पण फडात गेलं तरी कुणाचं ते कळणार. संतांच्या अभंगात पण तेच की. फरक एवढाच वाटतो की आधी अख्खं गाणं व्हायचं, मग शेवटच्या ओळीत नाव. आता पोरांना पहिल्या ओळीतच नाव घालायला शिकवतायत, गाणं व्हायचं असतं अजून.

विट्याहून
मी कविता करतो. आईवर एक कविता लिहिली होती बारा वर्षांपूर्वी, तिच्या फाटक्या लुगड्यावर. ती इतकी गाजली की कुठल्या पण संमेलनात गेलो की सूत्रसंचालक म्हणणार आईचे कवी, लुगडं होऊ द्या. मुलाखतीत तेच, शाळेत बोलावलं की तेच. नवीन कविता वाचायला लागलो की लोक पाण्याच्या बाटल्या उघडतात. मी पण सवयीनं त्याच ओळीला आवाज कापरा करायला शिकलो, हे कबूल करतो, कारण मानधन त्या कापऱ्या आवाजाला होतं.

मागच्या जत्रेत गावातच कार्यक्रम होता, आई पुढं बसलेली. झाल्यावर घरी जाताना म्हणाली, किती वर्सं माजं फाटकं लुगडं सांगणार रं लोकास्नी, आता कपाटात चौदा हैत की. आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासनं ती कविता वाचलेली नाही. दोन ठिकाणचं बोलावणं गेलं त्यामुळं.

भडंग_पार्सल
@विट्याहून आईंना साष्टांग. चौदा लुगड्यांवर लिवा की आता.

विट्याहून
चालू आहे. नऊपर्यंत आलोय.

गावभागातला
२०१९ च्या पुरात आमच्या शेजारच्या चित्रकार काकूंच्या घरात पाणी शिरलं. सांगलीचा गावभागच बुडाला होता. पाणी उतरल्यावर कुणीतरी फोटो काढायला आलं, त्यांना चिखलात उभं केलं, हातात भिजलेलं चित्र, जरा उदास बघा म्हणाले. काकू उभ्या राहिल्या. फोटो खूप फिरला, पुण्या-मुंबईच्या लोकांनी उरलेली चित्रं विकत घेतली, पैशाची गरज होती तेव्हा त्यांना, घर उभं राहिलं त्यावर, हे खरंच आहे. पण एकदा मला म्हणाल्या, एकानं पण विचारलं नाही चित्र कशाचं आहे. घाटावरच्या पायऱ्या होत्या, पहाटेच्या. त्यात निळा कसा आणला होता ते मी त्यांना विचारलं, मग अर्धा तास बोलत होत्या.

रांगोळीताई_सातारा
आले परत. गावभागातला, तो निळा कसा आणला होता ते लिहा ना.

गावभागातला
काळा वापरायचाच नाही म्हणाल्या, निळ्यात तपकिरी मिसळून अंधार करायचा. पायऱ्यांच्या कडांना फक्त पातळ पांढरा.

पेटीवाला
धाग्याचा विषय नाही पण @मिरजेची_सून, आमच्याकडं आजीचा जनानी तंबोरा आहे, भोपळ्याला वरून खालपर्यंत चीर गेलीय. दुरुस्त होतो का नवीन भोपळा घालावा लागतो? आजीची आठवण म्हणून टाकवत नाही.

मिरजेची_सून
टाकू नका अजिबात. चीर कुठपर्यंत गेलीय बघावं लागेल, आतनं पट्टी देऊन बसवतात. बदलायचाच झाला तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, वाळलेला जुना बघून घालतात. उन्हात ठेवू नका तेवढं, आणि तारा सैल करून ठेवा आधी, आजच.

पेटीवाला
आत्ताच केल्या सैल. धन्यवाद ताई. भाऊबीजेला मिरजेला येणारच आहे, घेऊन येतो.

भडंग_पार्सल
@कृष्णाकाठ ती दोन तासांची फाइल आहे का अजून? मिशीचा भाग टाका की, आमच्या कॉलेजच्या पोरांना क्रेप हातात धरता येत नाही, सगळे तयार मिशा आणतात ऑनलाइन, घामानं पडतात दुसऱ्या अंकात.

कृष्णाकाठ
आहे फाइल. काल रात्री पूर्ण ऐकली, पहिल्यांदाच. एक तास बावन्न मिनिटं. एके ठिकाणी काका म्हणतात, मिशी चांगली लागली तर कुणाला दिसत नाही, आणि मी तिथं हो हो करून पुढचा प्रश्न विचारलाय.

भाच्याला पण ऐकवली. त्यानं होमवर्क अजून केलेला नाही, पेन्सिल घेऊन बसलाय.

न विचारता टाकणार नाही. आत्ताच त्यांच्या मुलीला फोन लावला. ताई म्हणाल्या बाबा जेवून झोपलेत, चारला उठले की विचारते.