शब्दचर्चा: चाई, आनुवंशिक आणि ‘जोखीम घटक’

पेठेतली_अनुवादक
एका दवाखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. विषय अ‍ॅलोपेशिया एरियाटा, म्हणजे डोक्यावर, दाढीत नाहीतर भुवईत केस जाऊन रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडतात तो आजार. त्याला सरळ ‘चाई’ लिहिलंय. अडलंय ते ‘जेनेटिक रिस्क फॅक्टर्स’पाशी. ‘आनुवंशिक जोखीम घटक’ लिहून शेजारच्या काकूंना वाचायला दिलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे हे आता स्थळ बघतानाही सांगायचं का?” दुसरं काही सुचतंय?

कीसकाढे_कोथरूड
आधी शुद्धलेखन. अनुवंश + इक = आनुवंशिक. ‘अनुवांशिक’ सगळीकडे दिसतं, पण वृद्धी पहिल्या स्वराची होते. तुमचं बरोबर आहे, हे पुण्यात कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

वैद्य_टिळकरोड
चाईच ठेवा. ‘चाई पडली’ म्हटलं की न्हाव्यालाही कळतं. काही ठिकाणी ‘उंदरी लागली’ म्हणतात, पण त्यात कुणीतरी केस कुरतडतंय असा भास आहे. मग लोक किडा शोधतात आणि लसूण चोळून कातडी भाजून घेतात. संस्कृतात इंद्रलुप्त. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात याचंच ‘चाच’ असंही नाव दिलंय. आपली चाई तिथूनच आली असावी, हा माझा अंदाज. खलती, म्हणजे हळूहळू पडणारं टक्कल, त्याने वेगळं धरलंय. पत्रकातही हा फरक लिहा. वडिलांचं टक्कल आणि मुलीची चाई यांची लोक हमखास सांगड घालतात.

पेशी_आणि_पोहे
जीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. काकूंची भीती ‘आनुवंशिक’ या शब्दातून येते. मराठीत तो ऐकला की बापाचं नाक मुलाला, अशी सरळ वाटणी डोळ्यांपुढे उभी राहते. चाईचं तसं नाही. २०१० साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्तियानो यांच्या गटाने १,०५४ रुग्ण आणि ३,२७८ इतर माणसं यांचे जनुकसंच ताडून पाहिले. (क्रिस्तियानोंना स्वतःलाही चाई झालेली आहे.) एक कुठलं जनुक दोषी निघालं नाही, जनुकसंचात बऱ्याच ठिकाणी छोटे छोटे फरक निघाले. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए भाग (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारा), टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, आवर घालणारं सीटीएलए-४ हे जनुक, आणि त्याच सहाव्या गुणसूत्रावर दुसरीकडे असलेली यूएलबीपी जनुकं. ही शेवटची सर्वांत बोलकी, कारण त्यांची प्रथिनं म्हणजे पेशीने लावलेली धोक्याची पाटी. चाईत केसाच्या मुळाशी ती पाटी जास्तच लागलेली दिसते आणि मारेकरी टी-पेशी तिथे गोळा होतात. एरवी वाढता केस या पहाऱ्यातून बराचसा सुटलेला असतो. सापडलेल्यांपैकी काही भाग टाइप १ मधुमेह आणि आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) यांच्याशी जोडलेल्या जनुकांच्या यादीतही आहेत.

आता काकूंसाठी. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच, तरी एकाला चाई असली तर दुसऱ्याला ती साधारण निम्म्याच जोड्यांत आढळते. शिवाय हे फरक ज्यांना कधीच चाई होत नाही अशा लाखो लोकांतही असतात. त्यामुळे ‘जनुकीय दोष’ अजिबात लिहू नका.

बाजीराव_रस्ता
माझा आक्षेप ‘जोखीम’वर. मराठीत जोखीम आपण घेतो, पत्करतो, अंगावर ओढवून घेतो. जनुकं कोण पत्करतं? ‘घटक’ तर सरकारी परिपत्रकातला वाटतो. ‘शक्यता वाढवणारी जनुकं’ म्हणा.

कीसकाढे_कोथरूड
‘पिंडातच असणे’ हा अस्सल वाक्प्रचार आहे की.

बाजीराव_रस्ता
तो स्वभावासाठी ठीक. आजाराला लावला की पूर्वजन्मापर्यंत जातो.

पेशी_आणि_पोहे
‘शक्यता वाढवणारे जनुकभेद’ कसं वाटतं? जनुकं सगळ्यांकडे असतात, शक्यता वाढते ती त्यांच्यातल्या भेदाने. आणि ‘ऑटोइम्यून’ला ‘स्वयंप्रतिरक्षा’ लिहिलं असेल तर खोडा. मराठी वाचकाला तो स्वतःचं रक्षण असा, म्हणजे नेमका उलटा ऐकू येतो. ‘प्रतिकारशक्ती आपल्याच केसांवर उलटते’ असं लिहिलं की काम भागतं.

पेठेतली_अनुवादक
हे छान. मग असं: “चाईत प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. तसं होण्याची शक्यता वाढवणारे काही जनुकभेद घराण्यातून येऊ शकतात. पण ते असले म्हणून चाई होतेच असं नाही, आणि आईवडिलांना चाई असली म्हणून मुलांना होईलच असंही नाही. ही स्पर्शाने पसरत नाही.” ‘आनुवंशिक’ कुठेच नाही, कीसकाढे, रागावू नका.

वैद्य_टिळकरोड
‘घराण्यातून’ऐवजी ‘आईवडिलांकडून’. घराणं म्हटलं की सगळे फक्त बापाच्या बाजूला बघतात.

पेठेतली_अनुवादक
बदललं. काकूंना उद्या परत वाचायला देते.