माजी सैनिकांसाठी द्विभाषिक मानसोपचार : पोस्टडॉक्टरल फेलोशिप निवडताना काय विचारावे?

प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट करीत असून सध्या इंटर्नशिपच्या वर्षात आहे. पुढील वर्षी व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजेच तेथील माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत, डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणाची फेलोशिप करावी असे मनात आहे आणि त्यातही इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत काम शिकवणाऱ्या जागांकडे माझा ओढा आहे. घरी मराठी आणि शाळेपासून स्पॅनिश, अशी माझी भाषेची पार्श्वभूमी आहे. प्राथमिक मुलाखत आणि आत्महत्येच्या जोखमीचा अंदाज घेणे ही कामे मी स्पॅनिशमध्ये करते, परंतु पीटीएसडीवरील, म्हणजे आघातानंतर उद्भवणाऱ्या मानसिक विकारावरील, संपूर्ण उपचार त्या भाषेत अद्याप केलेले नाहीत. एवढ्या तयारीवर अर्ज करणे योग्य ठरेल का? माहितीपत्रकात सहसा न सापडणाऱ्या कोणत्या गोष्टी मुलाखतीत विचारून घ्याव्यात?

उत्तर १

औपचारिक अटी आधी तपासा. अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य आहे. डॉक्टरेटचा अभ्यासक्रमही मान्यताप्राप्त असावा लागतो. इंटर्नशिपसाठी जशी उमेदवार आणि केंद्रांची संगणकीय जुळणी होते तशी बहुतेक फेलोशिपसाठी होत नाही, त्यामुळे प्रत्येक केंद्राच्या तारखा स्वतंत्रपणे पाहाव्यात.

आता मुख्य मुद्दा. 'आपल्याकडे स्पॅनिशभाषक रुग्ण किती आहेत' हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, माझ्या स्पॅनिश सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकणार कोण? मान्यताप्राप्त फेलोशिपमध्ये आठवड्याला किमान दोन तासांचे वैयक्तिक पर्यवेक्षण मिळते; पण पर्यवेक्षकाला स्पॅनिश येत नसेल, तर सत्रात जे घडले त्याचा तुम्ही केलेला इंग्रजी सारांश तेवढा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. तुमचा प्रश्न कुठे बोथट झाला, रुग्णाने विषय कधी टाळला, हे त्या सारांशात कधीच उतरत नाही.

हे किती महत्त्वाचे आहे ते प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर हा पीटीएसडीवरील उपचार शिकताना कळते. या उपचारात रुग्ण डोळे मिटून आघाताची घटना वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा, मोठ्याने सांगतो आणि त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. सैन्यातील हुकूम, हुद्दे, रेडिओवरील संभाषण हे सारे इंग्रजीत घडलेले असते. त्याच रात्री आईला केलेला फोन मात्र स्पॅनिशमध्ये. सांगता सांगता रुग्ण ऐन वेदनेच्या जागी स्पॅनिश सोडून इंग्रजीवर आला, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : घटना मुळात इंग्रजीतच घडली म्हणून आठवणही इंग्रजीत येते आहे, किंवा दुसऱ्या भाषेच्या आडोशाने तो भावनेपासून दूर राहतो आहे. पहिल्या शक्यतेला संशोधनाचा आधार आहे; मारियान आणि नायसर यांनी 2000 साली रशियन-इंग्रजी द्विभाषिकांच्या आठवणींवरून दाखवले, की जी भाषा घटनेच्या वेळी वापरात होती त्याच भाषेत विचारले असता त्या काळातील आठवणी अधिक येतात. दुसरी शक्यता मात्र त्या रुग्णाच्या आवाजावरून, श्वासावरून आणि आधीच्या सत्रांवरूनच ओळखावी लागते. हे शिकवायला दोन्ही भाषा जाणणारा अनुभवी माणूस शेजारी लागतो. तो असेल, तर तुमची आजची तयारी पुरेशी आहे; अर्ज जरूर करा.

उत्तर २

वरील मुद्दा मान्य आहे, तरी केंद्र कोठे आहे यालाही तितकेच वजन द्यावे असे मला वाटते. पोर्तो रिको या कॅरिबियनमधील अमेरिकी बेटावरील सॅन हुआनच्या केंद्रात द्विभाषिकता हा जोडविषय नाही. तेथे रुग्णालयाचा दिवस स्पॅनिशमध्ये चालतो आणि वैद्यकीय नोंदी इंग्रजीत होतात. पोर्तो रिकोच्या लोकांना 1917 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि तेथील 65 वी इन्फंट्री रेजिमेंट कोरियाच्या युद्धात लढली. तिला अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सुवर्णपदक प्रदान होण्यास मात्र 2016 साल उजाडले. हा इतिहास ठाऊक नसलेल्या तरुण मानसशास्त्रज्ञापुढे वयोवृद्ध सैनिक मोकळा होईलच असे नाही. तेथे 'अताके दे नेर्वियोस'ही ओळखता यायला हवे. किंचाळणे, रडू आवरेनासे होणे, अंग थरथरणे अशा रूपांत येणारा हा झटका डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेने दुःखाच्या सांस्कृतिक संकल्पनांमध्ये नोंदवला आहे आणि तो सरसकट पॅनिक अटॅक समजणे चुकीचे ठरते. मुख्य भूमीवर चित्र वेगळे असू शकते : सैनिक स्वतः उत्तम इंग्रजी बोलतो, पण त्याचे आईवडील किंवा पत्नी स्पॅनिशमध्येच बोलतात, त्यामुळे कौटुंबिक सत्रांत तुमची खरी कसोटी लागते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. द्विभाषिक प्रशिक्षणार्थींना दुभाषाचे काम गळ्यात पडते असे ऐकले आहे. हे मुलाखतीत विचारणे उद्धटपणाचे दिसेल का?

उत्तर १

मुळीच नाही. विभागात स्पॅनिश येणारी एकच व्यक्ती असली, की माहितीपत्रकांचे भाषांतर, स्वागतकक्षातले फोन, दुसऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांची समजूत काढणे हे सारे तिच्याच माथी येते आणि त्या तासांची प्रशिक्षण म्हणून कुठेही गणना होत नाही. प्रशिक्षित दुभाषांची सोय आहे का, द्विभाषिक फेलोची रुग्णसंख्या इतरांइतकीच ठेवून वर हे काम दिले जाते का, आणि स्पॅनिश सत्रानंतर इंग्रजी नोंद लिहायला जादा वेळ मिळतो का, हे स्पष्ट विचारा. शक्य झाल्यास सध्याच्या फेलोशी पर्यवेक्षकांच्या अनुपस्थितीत बोला. चाचण्यांबाबतही विचारून घ्या : पीटीएसडीची लक्षणे मोजणाऱ्या पीसीएल-5 सारख्या वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीची स्पॅनिश आवृत्ती सहज मिळते, पण स्मृती व बुद्धीच्या चाचण्यांचे गुण कोणत्या लोकसमूहाच्या प्रमाणांशी ताडले जातात, यावर स्मृतिभ्रंशाचे निदान बदलू शकते.

परवान्याची चिंता फार करू नका. या व्यवस्थेत नोकरीसाठी कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो; मात्र पुढे खासगी व्यवसाय करायचा असल्यास त्या राज्याला डॉक्टरेटनंतरचे किती तास हवेत ते आधी पाहा आणि फेलोशिपमध्ये तेवढे भरतात का, हे केंद्राकडून लेखी घ्या.