वादळामुळे साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर खोळंबलेली क्रूझ : प्रवाशांचे आणि बोटीवरच्या मंडळींचे अनुभव

नोव्हेंबर २०२३च्या आरंभी इंग्लिश खाडीवरून 'किअरन' वादळ गेले, तेव्हा जर्सी बेटावर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आणि डोव्हर बंदर बंद ठेवावे लागले. अशा हवेत साउथॅम्प्टनहून प्रवासी बोटींचे सुटणेही लांबते. तो खोळंबा बोटीवर राहून पाहिलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, पुणे
मुलाने आम्हा दोघांना स्पेनकडे जाणाऱ्या बोटीत बसवून दिले. सुरक्षेची कवायत आटोपली आणि आज बोट सुटणार नाही, असे कप्तानांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले. बोट तसूभरही हलत नसल्यामुळे ह्यांना ते पटेना. बंदरात असेपर्यंत कॅसिनो आणि करमुक्त मालाची दुकाने बंद असल्याने सारी गर्दी भोजनगृहात आणि वाचनालयात लोटली. एसटीत रुमाल टाकावा तशा पत्त्यांच्या टेबलांवर चष्म्याची घरे ठेवून जागा धरल्या जात होत्या. इंग्रज मंडळींनाही ही विद्या अवगत आहे, हे पाहून बरे वाटले.

डेक अधिकारी, रत्नागिरी
आपल्या यजमानांची शंका रास्त आहे. खुल्या समुद्रात मोठी बोट बराच वारा सोसते. खरी अडचण धक्का सोडताना आणि अरुंद वाटेने बाहेर पडताना येते. पंधरा मजल्यांची उभी बाजू शिडासारखी वारा धरते, बोट बाजूला ढकलणाऱ्या थ्रस्टरची ताकद मर्यादित असते, आणि कमी वेगात बोट तिरकी सरकू लागली की ब्रँबल बँक या वाळूच्या दांड्याला वळसा घालण्यापुरते पाणीही अपुरे वाटते. शिवाय बंदराचा पायलट, म्हणजे बोटीला बंदराबाहेर नेणारा वाटाड्या, पुढे समुद्रातल्या नॅब टॉवर या मनोऱ्याजवळ दोरीच्या शिडीने लहान होडीत उतरतो. तिथे लाटा उंच असतील, तर त्याला उतरवणे धोक्याचे ठरते. धक्क्यावर थांबलो म्हणून आम्हाला विश्रांती मिळत नाही. जादा दोरखंड बांधावे लागतात आणि भरती-ओहोटीप्रमाणे त्यांचा ताण रात्रभर पाहावा लागतो.

गॅली (बोटीवरचे स्वयंपाकघर) कर्मचारी, मडगाव
प्रवासी किनाऱ्यावर उतरत नाहीत, म्हणजे दुपारचे जेवण सर्वांनाच वाढायचे. बोट सुटायचे ठरताच काचेची भांडी कपाटांत घट्ट बसवली, मोठ्या पातेल्यांतले पातळ पदार्थ कमी केले आणि बश्या घसरू नयेत म्हणून खाली ओलसर कापड अंथरले. पोहण्याचा तलाव रिकामा झाला, जिन्यांच्या कठड्यांवर उलटीसाठी कागदी पिशव्या अडकवल्या गेल्या आणि हिरवी सफरचंदे व कोरडी बिस्किटे बाहेर आली. जुने लोक ती सफरचंदे पाहूनच रात्रीचा अंदाज बांधतात.

प्रवासी, ठाणे
आमच्या सफरीत पहिले बंदर वगळले गेले. भरपाई म्हणून त्या बंदराचे शुल्क तेवढे बोटीवरच्या खात्यात जमा झाले. बाहेरच्या संस्थेकडे आगाऊ ठरवलेल्या शहरदर्शनाचे पैसे मात्र बुडाले. विमा होता, परंतु बंदर चुकल्याची भरपाई त्या पॉलिसीत समाविष्ट नव्हती. ते कलम काही ठिकाणी वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.