‘गभरामण’ की पायांची तगमग? मानसोपचारतज्ज्ञ दुष्परिणामाची तक्रार मनावर घेत नसतील तर कसे बोलावे?

प्रश्न : दांडिया बाजारातली एक बहीण, वडोदरा

आम्ही घरात तिघे आहोत, आई, मी आणि सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ. डिसेंबरात त्याला आवाज ऐकू येऊ लागले, समोरच्या वाड्यातले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे तो म्हणू लागला, आणि शेवटी त्याची समजूत घालून आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅमपासून सुरू झाले आणि त्या गोळीने पंधरा-वीस दिवसांत आवाज बरेच कमी झाले, हे मी आधीच कबूल करते. औषध वाईट आहे असे माझे म्हणणे नाही.

मात्रा ४ मिलिग्रॅम केल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र त्याला एका जागी बसवेना. जेवताना तो ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहतो, दोन घास खातो, माजघरात फेरी मारून येतो आणि पुन्हा दोन घास खातो. केस कापायला गेला तेव्हा अर्धे केस झाल्यावर अंगावरचा कपडा काढून खुर्चीतून उठून आला, आणि उरलेले केस आईने घरी, त्याला उभे करून, कापले. संध्याकाळी तो सुरसागर तलावाला फेऱ्या घालत राहतो. मी एकदा त्याच्याबरोबर निघाले आणि पाचव्या फेरीनंतर कठड्याला टेकून बसले, तो मात्र थांबला नाही.

डॉक्टरांकडे आमच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. भाऊ बाहेर येरझाऱ्या घालत असतो, आत आई आणि मी जातो. आईला गुजराती समजते, पण अशा ठिकाणी बोलता येत नाही, म्हणून ती मराठीत ‘फार तगमग होते हो त्याची’ म्हणते आणि मी ‘एने बहु गभरामण थाय छे’, म्हणजे तो फार घाबराघुबरा होतो, असे सांगते. पहिल्या वेळी डॉक्टरांनी हे आजारामुळेच आहे असे म्हणून मात्रा ६ मिलिग्रॅम केली. त्रास वाढला. दुसऱ्या वेळी, हे औषधामुळे तर नसेल ना, असे मी विचारले, तेव्हा इंटरनेटवर वाचून येत जाऊ नका, कंपाची गोळी त्यातच घातलेली आहे, असे उत्तर मिळाले आणि पुढच्या रुग्णाला हाक गेली. बाहेर आल्यावर आई मलाच रागावली, की डॉक्टरांना उलट बोललीस, आता ते नीट बघणार नाहीत.

भाऊ आता गोळ्याच बंद करतो म्हणतो, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याची वाटते. डॉक्टरांशी संबंध न बिघडवता, पण या वेळी त्यांना ऐकावेच लागेल असे, हे कसे मांडावे?

प्रतिसाद १ : एक निवृत्त परिचारिका, कारेलीबाग

ताई, मी बत्तीस वर्षे परिचारिका होते, त्यांपैकी नऊ वर्षे मनोविकार कक्षात. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या भावाला पाहिलेलेही नाही, तेव्हा याला निदान समजू नका. परंतु तुम्ही लिहिलेले वाचताना मला आमच्या कक्षाचा व्हरांडा आठवला, जिथे अशी माणसे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर चालत असत आणि विचारले तर म्हणत, ‘सिस्टर, मला बसायचे आहे, पण पाय बसू देत नाहीत.’ या त्रासाला अकॅथिसिया म्हणतात. रिस्पेरिडोनसारख्या औषधांमध्ये तो सुरुवातीच्या काही दिवसांत, काही आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर उद्भवतो, आणि त्यातली खरी अडचण ही, की बाहेरून पाहणाऱ्याला तो आजार वाढल्यासारखाच दिसतो. आजार वाढला असे समजून मात्रा वाढवली, की त्रास आणखी वाढतो.

तुमचा खरा अडथळा मला ‘गभरामण’ या शब्दात दिसतो. आपल्या वडोदऱ्यात उकाड्यापासून छातीच्या धडधडीपर्यंत आणि परीक्षेच्या भीतीपासून श्वास कोंडण्यापर्यंत सगळ्याला लोक गभरामण म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञाच्या कानाला त्यातून मनाची भीती ऐकू येते, आणि ज्याला आवाज ऐकू येत होते त्याची भीती म्हणजे आजार, असे गणित क्षणात मांडले जाते. आईंचा ‘तगमग’ हा शब्द जास्त जवळचा होता. भाषांतरात तो हरवला. आधी भावाला एकट्याला विचारा, की मन घाबरते की पाय राहत नाहीत. पाय राहत नाहीत असे तो म्हणाला, तर दवाखान्यात भावनेचे नाव न घेता शरीराचे वर्णन करा: ‘पग स्थिर नथी रहेता, पाँच मिनिट बेसातुं नथी, अने डोझ वधार्या पछी ज शरू थयुं’, म्हणजे पाय स्थिर राहत नाहीत, पाच मिनिटे बसवत नाही आणि मात्रा वाढवल्यावरच हे सुरू झाले. एवढे एक वाक्य तुमच्या मागच्या दोन्ही भेटींहून अधिक काम करील.

दुसरे, भावाला बाहेर ठेवू नका. ज्याचे पाय तक्रार करत आहेत तोच जर दाराबाहेर चालत असेल, तर डॉक्टरांना दिसणार काय? त्याला आत न्या, समोरच्या खुर्चीवर बसवा आणि दोन मिनिटे तुम्ही दोघी गप्प राहा. अनुभवी डॉक्टर पायांकडे बघतात. सोबत अर्धे पान लिहून न्या: कोणत्या तारखेला किती मात्रा, कोणत्या दिवसापासून काय झाले, जेवताना किती वेळा उठला, झोप किती. मोबाईलवर त्याच्या संमतीने दोन मिनिटांचे चित्रीकरण असेल तर उत्तम. कागद बोलण्याच्या शेवटी पिशवीतून काढू नका, खुर्चीवर बसण्याआधी टेबलावर ठेवा.

पुढच्या तारखेची वाटही पाहू नका, फोन करून मधली वेळ मागा. गोळ्या एकदम बंद करू नका; पण हा त्रास माणसाला जीव नकोसा करणारा असू शकतो, म्हणून तो तसे काही बोलू लागला तर रात्र असली तरी त्याला तातडीच्या विभागात न्या. मान किंवा डोळे वाकडे ओढले गेले, किंवा जोराचा ताप, अंग ताठ होणे आणि बोलण्यात असंबद्धपणा एकत्र दिसला, तरीही तसेच करा. मधल्या वेळी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

प्रतिसाद २ : लिथियम घेणारा एक वाचक, इंदूर

मी स्वतः रुग्ण आहे आणि मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध अकरा वर्षे घेतो, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहितो. माझे हात इतके कापत, की पाहुण्यांसमोर मी बशीतून चहा पिणे सोडून दिले होते. हे मी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की एवढे चालायचेच. मी वाद घातला नाही. घरी येऊन गुपचूप गोळ्या निम्म्या केल्या आणि पुढच्या भेटीत पूर्ण घेतो असे सांगितले. रक्तातली लिथियमची पातळी साहजिकच कमी आली, म्हणून त्यांनी मात्रा वाढवली. मी घाबरून ती वाढीव मात्रा पूर्ण घेऊ लागलो, त्यातच मे महिन्यात जुलाब झाले, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक चालू होते, आणि पातळी १.६ वर गेली. साधारणपणे ती ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. पाणी कमी पडले किंवा अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर लिथियम अंगात साचते, हे मला त्या वेळी रुग्णालयाच्या खाटेवर कळले.

डॉक्टरांनी माझे ऐकले नाही ही त्यांची चूक होती; पण नंतरचे सर्व निर्णय त्यांनी माझ्या खोट्या माहितीवर घेतले, ही माझी. तेव्हा ताई, भाऊ प्रत्यक्षात किती गोळ्या घेतो आहे, हे न रागावता एकदा विचारून घ्या. तो मधूनमधून टाळत असेल तर तेही त्या अर्ध्या पानावर लिहा. आपण काहीही लपवलेले नाही असे दिसले, की डॉक्टरांचाही आवाज बदलतो. माझ्या डॉक्टरांचा बदलला नाही. मी जुनी फाइल घेऊन दुसऱ्यांकडे गेलो. तिथे पहिल्याच दिवशी रक्त कधी दिले होते असे विचारले गेले, कारण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेलीच पातळी ग्राह्य असते आणि माझ्या जुन्या तपासण्या कोणत्याही वेळेला झालेल्या होत्या.

प्रतिसाद ३ : एक फिजिशियन, अलकापुरी

माझ्या व्यवसायबंधूंची थोडी बाजू मांडतो आणि मग त्यांच्यावर टीकाही करतो. ज्याच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी साठ माणसे बसली आहेत, तो प्रत्येक तक्रार तिच्या पहिल्या शब्दावरून ओळखतो. म्हणून परिचारिका बाईंचा शब्दांविषयीचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय अस्वस्थता खरोखरच आजाराची असू शकते, थायरॉईडची असू शकते, चहा-सिगारेट वाढल्याची असू शकते. परंतु रुग्णाला न पाहता, केवळ नातेवाइकांच्या बोलण्यावरून ‘आजारामुळेच’ म्हणणे, याचे समर्थन गर्दीने होत नाही.

‘कंपाची गोळी त्यातच आहे’ याचा अर्थ बहुधा असा, की रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत दिलेले आहे, आणि तशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. हाताचा कंप आणि अंगाचा ताठरपणा यांवर त्याचा उपयोग होतो. पायांच्या या तगमगीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा ती गोळी चालू असणे म्हणजे अकॅथिसिया नाही, असे होत नाही. डॉक्टरांना मात्र हे असे शिकवू नका, प्रश्न म्हणून विचारा: मात्रा कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, की यावर वेगळी गोळी देता येईल? तिन्ही मार्ग रूढ आहेत आणि कोणता घ्यायचा हे त्यांनी ठरवावे. प्रोप्रॅनोलॉल अनेकदा देतात, पण ते औषधविक्रेत्याकडून स्वतःहून आणू नका. दमा असलेल्याला किंवा नाडी मंद असलेल्याला ते घातक ठरू शकते.

प्रतिसाद ४ : वकिली करणारा एक वाचक, ग्वाल्हेर

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो खिशात असावा, तोंडावर नसावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराचे स्वरूप, उपचारांची योजना आणि त्या उपचारांचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क आहे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. आईंना या शेवटच्या चार शब्दांचा उपयोग आहे. प्रतिनिधी नेमण्यासाठी मुद्रांक लागत नाही. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर भावाने लिहून सही केली तरी पुरते. तो आता बरा बोलतो-समजतो आहे, तर हे आत्ताच करून घ्या.

दुसरे मत घ्यायचे झाले तर कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही करू शकतात. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. ही डॉक्टरविरुद्धची तक्रार नव्हे, आणि त्यासाठी पुरावा लागत नाही, संशय पुरतो. प्रत्यक्ष तक्रारीचा मार्ग राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे जातो, पण तुमचे प्रकरण तिथवर न्यावे असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर, नऊ दिवसांनी

सर्वांचे आभार. भावाला विचारले, तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘मन ठीक आहे गं, गुडघ्याखाली कोणी दोरी ओढतंय.’ हेच वाक्य कागदावर सर्वांत वर लिहिले. गोळ्या त्याने मध्ये दोन रात्री टाळल्या होत्या. तेही लिहिले, आणि लिहिताना मला राग आवरावा लागला.

फोन करून शनिवारची वेळ मिळाली. या वेळी भाऊ आत आला. डॉक्टर कागद वाचत होते आणि मी ठरल्याप्रमाणे गप्प होते. आईने मध्येच काही बोलायला तोंड उघडले, तर मी तिचा हात दाबला. टेबलाखाली भावाच्या चपला एकामागून एक फरशीवर आपटत होत्या. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली, खुर्ची मागे सरकवली, वाकून त्याच्या पायांकडे पाहिले, त्याला उभे राहायला सांगितले, मनगटे वाकवून पाहिली आणि दमा आहे का असे विचारले. मात्रा पुन्हा ४ वर आणली, प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत सुरू केले आणि दहा दिवसांनी बोलावले. तेवढ्याने भागले नाही तर औषध बदलू, असेही स्वतःहून सांगितले. मग मला म्हणाले, ‘आ पहेलां केम ना कह्युं?’ म्हणजे, हे आधी का नाही सांगितले?

दोनदा सांगितले होते, असे माझ्या ओठांवर आले होते. मी फक्त मागच्या दोन भेटींच्या तारखा कागदावर दाखवल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि काही बोलले नाहीत. आई बाहेर येऊन म्हणाली, की माणूस चांगला आहे. मला अजून तसे म्हणवत नाही, पण डॉक्टर सध्या बदलणार नाही.

काल रात्री भाऊ पानावर बसला आणि आमटी-भात संपेपर्यंत दोनदाच उठला. पुढच्या वेळी कागद आपणच लिहिणार असे त्याने सांगितले आहे.