हौशी वस्तुसंग्रहालये शासनाकडे सोपवावीत का?

तेरणाकाठ (चर्चाप्रस्ताव)
धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती पदरमोड करून जमवल्या आणि पुढे तो संग्रह शासनाकडे गेला. आज तेथे त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तरीही जेथे असे संग्रह गावकरी सांभाळतात, तेथे ते त्यांच्याकडेच राहावेत, असे माझे मत आहे. आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात एका आजींनी जाते आणून दिले आणि १९७२च्या दुष्काळात रेशनवरचा तांबडा मिलो, म्हणजे लाल ज्वारी, त्यावर कसा दळला, हे तासभर सांगितले. कार्यालयीन पावती घेऊन त्या एवढ्या बोलल्या असत्या का?

जुनी वही
ती हकिकत नोंदवहीत उतरली का? मी पाहिलेल्या अशाच एका संग्रहालयात पाटीवर ‘जुने जाते’ एवढेच होते, आणि उत्साही कार्यकर्त्याने मोडी कागद टिकावेत म्हणून लॅमिनेट करून आणले होते. ते प्लास्टिक आता कागदाला धक्का न लावता निघणे कठीण. शिवाय, जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे निधान जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. शेतात सापडलेला नाण्यांचा गाडगा परस्पर कपाटात ठेवणे ही हौस नव्हे.

तेरणाकाठ
लॅमिनेशनचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. नाण्यांबाबतही तुमचे बरोबर. परंतु इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले ते कोणाच्या हुकमाने नव्हे, आणि १९२६च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले तेही लोकांच्याच बळावर.

माळवद
राजवाडे कागद कोठे मिळाला, कोणाकडून, हे लिहून ठेवत. तुलना करायची तर तेथून करावी. कुलूपकिल्ली गावाकडे राहण्यास माझी हरकत नाही, मात्र नोंदणी आणि कागदांची निगा जाणकाराला विचारल्याखेरीज होऊ नये. तूर्त जात्याची हकिकत आजींच्याच शब्दांत उतरवून घ्या. बहात्तरच्या दुष्काळात दळायला बसलेली बाई आज किती वर्षांची असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.