घराचा इकॉलॉजिकल फूटप्रिंट नीट कसा मोजायचा? आणि कमी करायला सुरुवात कुठून? (सांगली)

विश्रामबागकर

तळमजल्याचं घर, वर मोकळी गच्ची, माणसं चार. फूटप्रिंट म्हणजे आपल्या वापरापोटी निसर्गाची किती जमीन लागते त्याचं माप, त्याचे दोन ऑनलाइन कॅल्क्युलेटर भरून बघितले. सगळं जग आमच्यासारखं जगलं तर किती पृथ्व्या लागतील, याला एक म्हणतो १.१, दुसरा म्हणतो २.४. दोन्हीकडे माहिती तीच भरली. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

हातात असलेले आकडे देतो. वीज महिन्याला सरासरी १८५ युनिट. गॅस वर्षाला ९ सिलिंडर. पेट्रोल महिन्याला कारला ३० आणि स्कूटरला १२ लिटर. महिन्याचा किराणा: गहू १० किलो, तांदूळ ८, ज्वारी ५, तूरडाळ ४, साखर ४, सोयाबीन तेल साडेतीन लिटर. अंघोळीला १५ लिटरचा इलेक्ट्रिक गिझर आहे. पिण्याला नळाचं पाणी, वरखर्चाला बोअर.

गॅस सोडून इंडक्शन घ्यायचा विचार चालू आहे, धूर नाही म्हणून. सोलर आधी की इंडक्शन आधी? आणि या आकड्यांवरून फूटप्रिंट हातानं काढता येतो का?

वॅट_मोजणारा

येतो की, आणि हातानंच काढावा. कॅल्क्युलेटर देशाच्या सरासरीपासून सुरू होतात आणि तुमच्या उत्तरांनी ती सरासरी वर-खाली सरकवतात. शिवाय रस्ते, दवाखाने, सरकारी कामकाज यांचा वाटा काही जण प्रत्येकाच्या नावावर टाकतात, काही टाकत नाहीत. त्यामुळे दोन ठिकाणी दोन पृथ्व्या निघणारच. तुलनेसाठी एवढं ध्यानात ठेवा: भारताची माणशी सरासरी साधारण १.२ ग्लोबल हेक्टर (जगाच्या सरासरी उत्पादकतेचा हेक्टर) आणि जगात माणशी उपलब्ध जमीन साधारण दीड.

आता तुमचा इंधनाचा हिशेब.

वीज: १८५ × १२ = २,२२० युनिट. आपल्या ग्रिडचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) युनिटमागे साधारण ०.७२ किलो, म्हणजे १,६०० किलो. पण हा दर वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या युनिटचा आहे. वाटेतली गळती १५ टक्के धरली तर १,८८० किलो.

गॅस: ९ × १४.२ = १२८ किलो एलपीजी. किलोमागे ३ किलो सीओटू, म्हणजे ३८४.

पेट्रोल: वर्षाला ५०४ लिटर. लिटरला २.३ किलो, म्हणजे १,१६०.

एकूण ३,४२४ किलो, माणशी साडेआठशेच्या वर. एक टन सीओटू शोषायला साधारण एक तृतीयांश ग्लोबल हेक्टर लागतं, म्हणजे माणशी ०.२८ ग्लोबल हेक्टर फक्त इंधनापोटी. अन्न, कपडे, बांधकाम यात आलेलं नाही.

कळीचा मुद्दा हा की अर्ध्याहून जास्त भार विजेचा आहे, गॅसचा नव्हे. तुम्ही मात्र सुरुवात गॅसपासून करायला निघालाय. पुण्याला कारनं एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन ४६० किलोमीटर. लिटरला १६ धरले तर जवळपास २९ लिटर, ६६ किलो सीओटू. दीड सिलिंडरांइतका सीओटू एका फेरीत गेला. मिरजेहून रेल्वे आहे, एसटी आहे. एकटा माणूस जाणार असेल तर ही फेरी पहिली बदलायची.

चूलशास्त्र

इंडक्शनचं थोडं थांबा. स्वयंपाकघरात धूर नाही हे खरं, पण तो धूर दुसरीकडे कोळशाच्या केंद्रात निघतो.

एक किलो एलपीजीत साधारण १२.८ युनिट उष्णता असते. शेगडी त्यातली ६५ टक्के भांड्यात उतरवते. म्हणजे कामाला आलेल्या एका युनिट उष्णतेमागे सीओटू ०.३६ किलो. इंडक्शन ८५ टक्के उतरवतं, पण गळती धरून वीज युनिटमागे ०.८५ किलोवर जाते, म्हणजे कामाच्या युनिटला एक किलो. जवळपास तिप्पट. गच्चीवर स्वतःचं सोलर असेल तरच हे गणित उलटतं. तोवर गॅसवरच राहा आणि गॅस वाचवा: हरभरा, राजमा रात्री भिजत घाला, कुकरला शिट्टी आली की आच बारीक करा, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. ज्योत पिवळी पडली असेल तर बर्नरची भोकं बुजलीत. पिनेनं साफ करा, नाहीतर भांड्याला काजळी धरते आणि गॅसही वाया जातो.

गिझरला हेच गणित लावा. एका अंघोळीचं २५ अंशाचं १८ लिटर पाणी ४२ अंशांवर न्यायला ३०६ किलोकॅलरी, म्हणजे ०.३५ युनिट. चौघांचे रोज १.४, महिन्याला ४२ युनिट. तुमच्या १८५ मधला जवळजवळ चौथा हिस्सा अंघोळीचा आहे. थंडीत पाणी १८–२० अंशांवर येतं, तेव्हा हाच आकडा १.३ ते १.४ पट होतो.

मिरज_रोड

मग गॅस गिझर का नाही? तुमच्याच हिशेबानं सीओटू तिसऱ्या हिश्शावर येतो.

चूलशास्त्र

हिशेबात येतो, महिन्याच्या ४२ युनिटांचे ३६ किलो घटून १२ किलो होतात. पण गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. लावायचाच तर बाथरूमच्या भिंतीबाहेर उघड्यावर आणि आत फक्त पाइप. 'एक्झॉस्ट आहे' हे उत्तर चालत नाही. एक्झॉस्ट फॅन आतली हवा ओढतो, दार-खिडकी बंद असेल तर ज्योतीला हवा कमी पडते आणि मोनॉक्साइड आणखी वाढतो. विश्रामबागकरांकडे गच्ची आहे, त्यांनी सरळ सोलर वॉटर हीटरकडे जावं.

विश्रामबागकर

गिझरचं पटलं. उरलेले १४० युनिट कुठं जातात ते कसं शोधू? प्रत्येक वस्तूला वेगळा मीटर लावत बसायचं का?

वॅट_मोजणारा

गरज नाही. महावितरणच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटमागे किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२०० इम्प/केडब्ल्यूएच. मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. सूत्र: लुकलुक × ६०,००० ÷ छापील आकडा = वॅट. मिनिटात १० आली तर १० × ६०,००० ÷ ३२०० = १८७ वॅट.

रात्री सगळं बंद करून, फ्रीजचाही प्लग काढून मोजा. एवढ्या कमी लोडला मिनिट पुरत नाही, पाच मिनिटं मोजून पाचानं भागा. तरी २०–३० वॅट दिसले तर तो सेट-टॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टरचा चार्जर. १२ वॅटचा बॉक्स चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेआठ युनिट, टीव्ही बंद असताना. प्लगला बटण आहे, ते वापरा.

मग पंखे. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, रिमोटवाला) ३० च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास चालले तर दिवसाला १.८ युनिटांचा फरक, उन्हाळ्याच्या महिन्यात ५४. पण एक गोष्ट हमखास चुकते: बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका. आतलं सर्किट गुणगुणतं, काही काळानं बोर्ड जातो आणि लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. वायरमनला रेग्युलेटर काढून तार थेट जोडायला सांगा, वेग रिमोटवर.

फ्रीजच्या दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) सैल आहे. गॅस्केट बदलायला नवा फ्रीज लागत नाही.

गुंठेवारी

इंधनाचं झालं, पण फूटप्रिंटचा मूळ अर्थ जमीन आहे. तुमचा किराणा गुंठ्यांत मांडतो. उत्पादकता ढोबळ सरासरीची धरली आहे आणि ही खरी जमीन आहे, ग्लोबल हेक्टर नव्हे.

गहू वर्षाला १२० किलो, हेक्टरी ३५ क्विंटलनं ३.४ गुंठे. तांदूळ ९६ किलो, तोही तेवढाच. ज्वारी ६० किलो, हेक्टरी १० क्विंटलनं ६ गुंठे. तूरडाळ ४८ किलो: तूर हेक्टरी ८ क्विंटल, भरडून डाळ ६, म्हणजे ८ गुंठे. साखर ४८ किलो: आपल्याकडचा ऊस हेक्टरी ९० टन आणि उतारा (उसातून निघणारी साखर) साडेअकरा टक्के धरला तर किलोला एक चौरस मीटर, सगळी मिळून अर्धा गुंठा.

आणि तेल? सोयाबीन हेक्टरी १० क्विंटल, तेल १८ टक्के, म्हणजे हेक्टरला १८० किलो. तुमचं ४२ लिटर तेल वजनानं साडेअडतीस किलो, म्हणजे २१ गुंठे. पेंड जनावरांच्या खाद्यात जाते, तेव्हा सगळी जमीन तेलाच्या खात्यावर टाकायची नाही. निम्मी टाकली तरी तेल पहिल्या नंबरावरच. शेंगदाण्यात तेल ४५ टक्क्यांच्या आसपास असल्यानं त्याला जागा बरीच कमी लागते. तळण कमी करून महिन्याला एक लिटर वाचवलं तर पेंडीचा वाटा वजा जाता तीन गुंठे सुटतात.

आता या मापातली खोट. साखर अर्ध्या गुंठ्यात आणि ज्वारी सहा गुंठ्यांत, म्हणून भाकरी सोडून शिरा खायचा नसतो. फूटप्रिंट पाणी थेट मोजत नाही. जत-आटपाडीकडची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, वर कडबा देते. ऊस वर्षभर पाणी पितो आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर असेल तर ते पाणी पंपानं उचललेलं असतं, त्याची वीज वेगळी. जिल्ह्यात राहून फक्त गुंठे मोजले तर उत्तर चुकतं.

गच्चीवरचं_ऊन

सोलरचा क्रम: आधी पाणी तापवायचा हीटर, मग पंखे, मग पॅनेल, शेवटी इंडक्शन. आधी वापर उतरवला की पॅनेल लहान लागतं.

चौघांना १०० लिटरचा हीटर पुरतो. तुमचा मुख्य शत्रू बोअरचं पाणी. जड पाण्यानं फ्लॅट प्लेट (सपाट पेटीच्या) हीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवाला घ्या आणि त्याला शक्यतो नळाचं पाणी जोडा. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा वर्षातून एकदा उघडून बघा, झिजून बारीक झाला असेल तर बदला, नाहीतर टाकी गंजते. टाकी रिकामी राहिलीच तर दुपारी पाणी सोडू नका. तापलेल्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं की काच तडकते. पहाटे भरा. गच्चीपासून न्हाणीपर्यंत पाऊण इंची पाइप १५ मीटर असेल तर आधी साडेचार लिटरच्या वर गार पाणी येतं. ते बादलीत धरा आणि पाइपला फोमचं आवरण घाला.

पॅनेल: गिझर आणि पंख्यांनंतर तुमचा वापर १०० युनिटांच्या आसपास येईल. १ किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. पुढे इंडक्शन घ्यायचं असेल तर २ किलोवॅट घ्या, सावली नसलेली साधारण २०० चौरस फूट जागा लागेल. पीएम सूर्यघरचं अनुदान २ किलोवॅटला ६०,००० रुपये. तोंड दक्षिणेला, कल १५ ते १७ अंश. पाण्याची टाकी आणि शेजारच्या नारळाची सावली डिसेंबरमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी तीनला जाऊन बघा. तेव्हा सूर्य खाली असतो, सावली लांब पडते. मे महिन्यात जागा ठरवणारे इथंच फसतात.

वीज गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच असतं, तक्रार करू नका. गाळप हंगामात उसाच्या फडातली आणि साखर कारखान्याच्या बॉयलरची काजळी पॅनेलवर बसते. महिन्यातून दोनदा सकाळी लवकर, काच गार असताना, नळाच्या पाण्यानं धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नंतर पुसून निघत नाहीत.

विश्रामबागकर

बोअरचं पाणी हीटरला नको हे कळलं, पण वरची टाकी एकच आहे. दोन्ही पाणी तिथंच पडतं.

गच्चीवरचं_ऊन

मग नळाच्या पाण्याला वेगळी २०० लिटरची टाकी बसवा. तिचा तळ हीटरच्या टाकीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच हवा, नाहीतर दाब पुरत नाही. गार पाण्याच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, म्हणजे गरम पाणी उलटं टाकीत जाणार नाही. हवा जायचा उभा पाइप मात्र कधीच बंद करू नका, गार पाण्याच्या टाकीच्या काठापेक्षा उंच ठेवा. प्लंबर बऱ्याचदा पाणी उडतं म्हणून त्याला बूच मारतात आणि मग हीटरची टाकी फुगते किंवा आत चेपते.