खोलीसमोरची वाळू गेली कुठे?

तुम्ही म्हणताय की रिसॉर्टच्या जाहिरातीतल्या फोटोतली रुंद पुळण प्रत्यक्षात नव्हतीच, खोलीसमोर नुसत्या वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या. मालदीवला जुलैत आमच्याही वाट्याला हेच आलं. एक गोणी फाटली होती आणि तिचे निळे धागे दिवसभर लाटेबरोबर हलत होते. चार वर्षं पैसे साठवून गेलो होतो, फार वाईट वाटलं.

ही बेटं प्रवाळाच्या वाळूची. साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य वाऱ्यात किनाऱ्याची वाळू बेटाच्या दुसऱ्या बाजूला सरकते, पुढे ईशान्य वारे सुरू झाले की परत येते. रिसॉर्टवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मग बुकिंग घेतानाच सांगायला काय हरकत आहे? माझा राग समुद्रावर नाही, या लपवाछपवीवर आहे.

प्रवाळाचंही तेच. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, जाहिरातीत मात्र जुनेच रंग.

पुढच्या वेळी त्याच महिन्यातला, त्याच बाजूचा फोटो ईमेलवर मागा. आणि रिसॉर्टवर नेणारं सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) दिवसाउजेडीच उडतं, त्यामुळे तुमचं भारतातून येणारं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर पहिली रात्र राजधानी मालेच्या परिसरातच काढावी लागू शकते, तेही आधी विचारून घ्या.